गुडघाभर पाण्यातली बालवाडी



मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता, मेसमध्ये फिश होतं, आणि लाइन पार जिन्यापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन पापलेट! माझा रूम पार्टनर (मूळचा लातूरचा, मासे खायला हॉस्टेलवर शिकलेला) एकदम खूश. म्हणाला, "एकाच्या भावात दोन! मेस सुधारली रे आपली."

मी ताटाकडे बघितलं. दोन्ही मिळून माझ्या तळहातावर आरामात मावली असती. मेसच्या मामांना विचारलं, "मामा, एवढी लहान का आणली?" मामा भात वाढता वाढता म्हणाले, "मोठी परवडत नाहीत रे. आणि माणशी अख्खं पापलेट दिलं नाही, तुकडी दिली, तर बोंब कोण मारतं? तुम्हीच ना!"

मामांचं काही चुकत नव्हतं. बोंब आपणच मारतो.

आता गंमत बघा. शेकरू आपला राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, ताम्हण राज्यफूल. तसंच २०२३ साली पापलेट आपला राज्यमासा झाला. शेकरूचं पिल्लू ताटात आलं असतं तर आपण कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला असता. राज्यमाशाची दोन पिल्लं आली, तर आपण चटणी मागून घेतली!

घाबरू नका, मासे सोडा असं सांगणारा हा लेख नाही. मी धरमतरच्या खाडीकाठचा, खारेपाटातला. आमच्याकडे घरात मासे नसले की 'आज जेवायला काही नाही' असंच म्हणतात. मला बोलायचंय ते माशाच्या पिल्लांबद्दल, आणि त्याहून जास्त, ती पिल्लं जिथे वाढतात त्या उथळ पाण्याबद्दल. आणि हे इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात लिहितोय, कारण त्या पाण्याचं पुढे काय होणार हे बरंचसं आपल्यासारख्यांच्या टेबलावर ठरतं. कसं, ते पुढे सांगतो. त्यात माझी एक कबुलीही आहे.

पहिला पेपर : फ्लुइड मेकॅनिक्स

आमच्या भागातला मानाचा मासा म्हणजे जिताडा. जावई आला की जिताडा हवाच! हा मासा वाढतो खाडीत आणि गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात जातो. आणखी एक नवल म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. एक मोठी मादी लाखांनी अंडी सोडते. अंड्याचा आकार एक मिलिमीटरसुद्धा नाही. कोमट पाण्यात ते एका दिवसाच्या आत फुटतं, आणि बाहेर येतं जेमतेम दीड मिलिमीटरचं पिल्लू. त्याला तोंड फुटलेलं नसतं. पोटाला बलकाची एक पिशवी असते, दोन-तीन दिवसांचा डबाच म्हणा ना. तो संपायच्या आत तोंड उघडायचं आणि स्वतः शिकार करायला शिकायचं. नाही जमलं, तर खेळ खलास.

वाटतं, पाण्यात एवढे बारीक जीव असताना उपाशी कसं मरेल? इथे आपला सेकंड इयरचा मित्र येतो : रेनॉल्ड्स नंबर!

सगळ्यांना पाठ आहे : वेग गुणिले लांबी, भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. अडीच मिलिमीटरचं पिल्लू सेकंदाला चार मिलिमीटर वेगाने पोहतंय असं धरा. पाण्याची व्हिस्कॉसिटी साधारण दहाचा उणे सहावा घात. उत्तर येतं दहाच्या आसपास. आता साठ सेंटिमीटरचा जिताडा सेकंदाला एक मीटर वेगाने जातोय असं धरा. उत्तर सहा लाख! म्हणजे मासा तोच, पाणी तेच, पण पिल्लाला ते पाणी चिकट लागतं. आपल्याला मधाच्या टाकीत पोहायला सोडलं तर कसं होईल, तसंच काहीसं. हातपाय मारणं थांबवलं की जागीच थांबायचं. घरंगळत पुढे जायची सोय नाही.

मासे शिकार करतात ती तोंड झटकन उघडून, पाण्यासकट भक्ष्य ओढून घेऊन. चिकट पाण्यात हेच जमत नाही. चायना आणि होल्झमन या दोन संशोधकांनी २०१४ साली हे प्रयोगाने दाखवलं. त्यांनी एका समुद्री माशाची पिल्लं घेतली, पाण्याची व्हिस्कॉसिटी मुद्दाम बदलली, आणि पाहिलं की पिल्लांचं खाणं त्यांच्या वयापेक्षा या रेनॉल्ड्स नंबरावर ठरतं. समोर अन्न असूनही पिल्लू उपाशी राहतं, ते हायड्रोडायनॅमिक्समुळे! आपण हा विषय के.टी. लावून का होईना सोडवतो. पिल्लाला के.टी. नसते.

या पहिल्या दिवसांचं महत्त्व नॉर्वेच्या योहान योर्ट या शास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडलं होतं. त्याच्यासमोर कोडं होतं की हेरिंग मासा एका वर्षी भरपूर आणि एका वर्षी गायब, असं का होतं? त्याने पकडलेल्या माशांची वयं मोजली, तेव्हा लक्षात आलं की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षं जाळ्यांत सगळ्यात जास्त भरत होती. म्हणजे समुद्रात मासा किती, हे मोठे मासे किती अंडी घालतात यावरच ठरत नाही. पिल्लांचे सुरुवातीचे दिवस कसे गेले, त्यावर ते फार ठरतं.

दुसरा पेपर : चक्रवाढ

हॉस्टेलवर हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "अरे, एक मादी लाखांनी अंडी घालते ना? मग चार पिल्लं आपण खाल्ली तर काय बिघडलं?"

प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी कॅल्सी काढा. समजा दहा लाख पिल्लं आहेत आणि रोज त्यातली १५ टक्के मरतात. (आकडे समजण्यापुरते धरलेत, कुठल्या एका माशाचे नाहीत.) तीस दिवसांनी उरतील सुमारे ७,६००. आता रोजचा मृत्यूदर १५ ऐवजी १० टक्के करा. तीस दिवसांनी उरतील सुमारे ४२,४००. रोजचा फरक फक्त पाच टक्क्यांचा, पण महिन्याअखेर साडेपाच पट!

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, अंडं आणि बोटभर पिल्लू यांची किंमत सारखी नाही. बोटभर झालेलं पिल्लू म्हणजे शेकडो भावंडं मागे ठेवून पुढे आलेलं पिल्लू. प्रवेश परीक्षेला लाखो बसतात, म्हणून फायनल इयरची पोरं काढून टाकली तर चालेल, असं कोणी म्हणतं का? ताटातली ती दोन पापलेटं फायनल इयरची होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जी जागा हा रोजचा मृत्यूदर थोडासा जरी कमी करते, तिची किंमत प्रचंड असते. आणि आपल्या किनाऱ्यावर अशी जागा म्हणजे खाडीतलं गुडघाभर, कमरेएवढं पाणी. तिवर, कांदळ, चिपीची झाडं, त्यांची वर आलेली मुळं, आणि खालचा चिखल. आमच्याकडे त्याला खाजण म्हणतात.

तिथे काय असतं? एक म्हणजे आडोसा. मुळांच्या गुंत्यात मोठा मासा घुसू शकत नाही. दुसरं, पाणी गढूळ असतं, त्यामुळे शिकाऱ्याला लांबचं दिसत नाही. तिसरं, पाणी उथळ, म्हणून मोठे मासे तिथे यायलाच कचरतात. चौथं, पानं गळतात, कुजतात, त्यावर बारीक जीव वाढतात आणि ते खाऊन पिल्लं भराभर मोठी होतात. भराभर मोठं होणं हेही संरक्षणच. लहान राहायचे दिवस कमी, तेवढे मरायचे दिवस कमी. बोय, जिताडा, तांबोशी, चिंबोरी, कोळंबी, सगळ्यांची पोरं या बालवाडीत असतात. सगळेच मासे इथे येत नाहीत हे खरं. पापलेटाची पिल्लं तिवरांत नाही, बाहेर किनाऱ्यालगतच्या पाण्यात असतात. पण लहानपण उथळ पाण्यात काढायचं आणि मोठेपणी खोल पाण्यात जायचं, ही रीत बऱ्याच माशांची आहे.

भरतीची एस.टी.

आता सांगा, सेंटिमीटरभर पिल्लू समुद्रातून खाडीत आत येतं कसं? दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीने जेवढं आत आणलं तेवढंच ओहोटी बाहेर नेणार. आणि पोहून प्रवाहाला हरवायची ताकद त्याच्यात नाही.

उत्तर ऐकून मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कोळंबीची आणि अनेक माशांची पिल्लं भरती सुरू झाली की वर येतात आणि पाण्याबरोबर आत जातात. ओहोटी लागली की तळाला जाऊन बसतात. तळाशी प्रवाहाचा वेग जवळजवळ शून्य. नो-स्लिप कंडिशन, बाउंडरी लेयर! जे आपण ओरलला अडखळत सांगतो, ते नखाएवढी कोळंबी रोज वापरते. आत जाणारी एस.टी. आली की चढायचं, बाहेर जाणारी आली की स्टँडवर बसून राहायचं. अशी काही दिवसांत ती खाडीच्या पार आतल्या टोकाला पोचते.

पिल्लाचा हा सगळा प्रवास वाचताही येतो. माशाच्या कानात बारीक खडे असतात, आणि त्यावर रोज एक वर्तुळ चढतं. जॉर्जिओ पानेला याने १९७१ साली ही रोजची वर्तुळं ओळखली. सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोजलं की पिल्लू किती दिवसांचं ते कळतं. वर्तुळं लांब लांब असतील तर वाढ चांगली, जवळ जवळ असतील तर दिवस वाईट गेले. म्हणजे प्रत्येक मासा आपलं जर्नल रोजच्या रोज पूर्ण करतो. आपल्यासारखं सबमिशनच्या आदल्या रात्री नाही!

पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. भरतीचं पाणी आत आलं पाहिजे. वाट उघडी पाहिजे. इथून माझी कबुली सुरू होते.

'वेस्ट लँड'

थर्ड इयरनंतरच्या सुट्टीत मी ट्रेनिंगला होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणारही नाही. खाडीच्या कडेने एक जोडरस्ता जायचा होता, आणि आम्ही दोन ट्रेनी टोटल स्टेशन घेऊन लेव्हल्स घेत होतो. पायात गमबूट, वर ऊन, खाली चिखल. संध्याकाळी कॅम्पवर येऊन तक्ता भरायचा. कुठल्या चेनेजला काय आहे : भातशेती, वस्ती, नाला, झाडी.

साडेतीनशे मीटरचा एक पट्टा होता. तिवराची झाडी संपून उघडा चिखल लागायचा, मधून एक अरुंद फाटा आत गेलेला. तिथे काय लिहायचं? सोबतचे सीनियर म्हणाले, "लिही, वेस्ट मार्शी लँड." मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे ते, अजून फाइलमध्ये असेल.

फाट्यावर ह्यूम पाइप टाकायचे होते. ड्रॉइंगमध्ये पाइपची तळपातळी बघितली, तर ती फाट्याच्या तळापेक्षा बरीच वर. पावसाचं पाणी बाहेर काढायला ती पुरेशी होती. पण भरतीचं पाणी आत जायचं, तर फक्त उधाणालाच गेलं असतं. भांगाच्या दिवसांत फाटा कोरडाच. मी हिय्या करून विचारलं. साहेब हसले. "रस्ता पाणी काढायला डिझाइन केलाय बाबा, पाणी आत घ्यायला नाही." तेही चुकीचं बोलत नव्हते. त्यांना दिलेल्या कागदात तेवढंच होतं. मीही पुढे काही बोललो नाही. सर्टिफिकेट घ्यायचं होतं ना.

सुट्टी संपताना घरी गेलो. आजीने विचारलं, काम कुठे करत होतास? मी जागा सांगितली. आजी लगेच म्हणाली, "अरे, तिथंच तर तुझा आजा जिताड्याची पिल्लं धरायला जायचा."

आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात खाडीच्या कडेची जिताड्याची पिल्लं धरून गावतळ्यात, शेततळ्यात सोडायची, आणि वर्ष-दोन वर्षांनी मोठा मासा काढायचा. खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते, तिच्यातूनही पिल्लं आत येतात. पिल्लं कुठल्या फाट्याला, कुठल्या तिथीला, किती पाण्यात मिळतात हे आजोबांना पाठ होतं. आजीने त्या फाट्याचं नावही सांगितलं. त्या चिखलाला नाव होतं! आणि मी, त्यांचा शिकलेला नातू, तिथे 'वेस्ट' लिहून आलो होतो.

त्या रात्री मला काही फार झोप लागली नाही.

कायदा आहे, पण...

तुम्ही म्हणाल, तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे की. आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन राज्यभर तिवर तोडण्यावर बंदी घातली, सभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. राज्याच्या वनविभागात २०१२ पासून खास कांदळवन कक्ष आहे. हे सगळं चांगलंच झालं.

पण कायद्याला झाड दिसतं. पिल्लाला झाड पुरत नाही. त्याला झाड, चिखल, फाटा आणि भरती, हे सगळं जोडलेलं लागतं. २००१ मध्ये मायकेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चांगला मुद्दा मांडला होता. नुसती पिल्लं भरपूर दिसली म्हणून एखादी जागा बालवाडी ठरत नाही. तिथली किती पिल्लं वाढून मोठ्या माशांत जाऊन मिळतात, ते बघायला हवं. म्हणजे आत यायची वाट हवी आणि बाहेर जायचीही. रस्त्याच्या एका बाजूला एकही झाड न तोडता तिवर हिरवंगार ठेवलं आणि मधला पाइप वर बसवला, तर फोटो छान येईल, बालवाडी मात्र बंद. तसंच, इथली शंभर झाडं गेली म्हणून दुसऱ्या तालुक्यात हजार लावली, तर झाडांचा हिशेब जुळतो. पिल्लांचा जुळतोच असं नाही.

याचा अर्थ रस्ते नकोत, पूल नकोत, असा नाही. आमच्या गावाला रस्ता उशिरा आला म्हणून काय काय सोसावं लागलं, ते आजीच सांगते. मुद्दा एवढाच की पाइपची तळपातळी हाताएवढी खाली घ्यायला फारसा पैसा लागत नाही, आधी विचार लागतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये नद्यांच्या मुखाजवळची पूरदारं, म्हणजे आपल्या उघाडीच म्हणा, पूर नसताना ठरवून उघडी ठेवून माशांना आत जाऊ देतात. दार तेच. वापरायची रीत बदलली.

जाळ्याचा चौकोन

हीच गोष्ट जाळ्यांची. सगळा दोष मच्छीमारांवर टाकणं सोपं आहे, आणि अन्यायाचं आहे. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, प्रवाहाबरोबर येईल ते त्यात शिरतं. जवळ्यासाठी, बोंबलासाठी त्याचा शेवट बारीक विणीचा ठेवावा लागतो, आणि त्यात पापलेटाची पिल्लंही अडकतात. वर काढेपर्यंत बहुतेक मेलेली असतात. परत टाकून उपयोग काय? मग ती विकली जातात, किंवा फिशमीलला जातात.

ट्रॉलच्या जाळ्यात मात्र आपल्याला आवडेल असा एक उपाय आहे. नेहमीच्या जाळ्याची भोकं चौकटच्या एक्क्यासारखी असतात. ओढलं की ताण येतो आणि ती मिटतात. चार पिनजोडांची चौकट दोन टोकांनी ओढा, काय होतं? अगदी तेच. पण तीच वीण पंचेचाळीस अंशात फिरवून लावली, की दोन बाजू ताणाच्या दिशेत येतात, दोन आडव्या, आणि ओढलं तरी भोक चौकोनी उघडं राहतं. पिल्लू निसटतं, मोठा मासा राहतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा चौकोनी विणीचा पुष्कळ प्रसार केलाय. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला उपाय आहे हा!

नियमही झालेत. केरळने २०१५ पासून माशांची किमान लांबी ठरवायला सुरुवात केली, उदाहरणार्थ तारली १० सेंटिमीटर, बांगडा १४ सेंटिमीटर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पावसाळ्यात दोन महिने बंदी असते ती वेगळी. पण पिल्लं दोन महिन्यांत मोठी होत नाहीत. आणि पट्टी घेऊन बंदरावर उभं कोण राहणार? माणसं कमी, होड्या फार. जोवर लहान पापलेटाला गिऱ्हाईक आहे, तोवर ते येणार. त्यातलं एक गिऱ्हाईक आपलं हॉस्टेल आहे.

मग करायचं काय?

मोठमोठी भाषणं मला जमत नाहीत. तीन साध्या गोष्टी सुचतात.

पहिली मेसची. मेस कमिटीने ठरवावं की तळहातापेक्षा लहान पापलेट, बोटभर सुरमई असलं काही घ्यायचं नाही. मोठा मासा आणा, तुकडी करा, आणि आपण बोंब मारायची नाही. बजेटचं काय? लहान मासा म्हणजे पिल्लूच असं नसतं हे लक्षात ठेवा. मांदेली, जवळा हे पूर्ण वाढूनही लहानच असतात. कुरकुरीत मांदेली आणि जवळ्याची चटणी कुणी नको म्हटलं, तर त्याचं ताट माझ्याकडे पाठवा!

दुसरी आमच्या सिव्हिलवाल्यांसाठी, आणि सरांना विनंती म्हणून. दरवर्षी आपण तेच तेच प्रोजेक्ट करतो. एखाद्या ग्रुपने खाडीकाठच्या दहा मोऱ्या निवडाव्यात. पाइपची तळपातळी, फाट्याची तळपातळी, भांगाच्या आणि उधाणाच्या भरतीची पातळी, एवढंच मोजावं. महिन्यातले किती दिवस वाट उघडी असते, त्याचा तक्ता करावा. लेव्हल मशीन आपल्याकडे आहे. भरतीचं वेळापत्रक छापील मिळतं. तक्ता तयार झाला की तो दाखवून बोलता येईल.

तिसरी सगळ्यांसाठी. मेकॅनिकल असो, कॉम्प्युटर असो, उद्या कुठल्या तरी तक्त्यात आपण एखाद्या जागेपुढे एक शब्द लिहिणार आहोत. 'पडीक', 'मोकळी', 'वेस्ट'. तो लिहायच्या आधी तिथल्या एखाद्या माणसाला विचारायचं, या जागेला काय म्हणतात? नाव असेल, तर ती वेस्ट नाही.

मी ट्रेनिंगच्या त्या सीनियरना परवा पत्र लिहिलं. फाट्याचं नाव लिहिलं, पाइपच्या पातळीचं गणित लिहिलं, सोबत स्केच जोडलं. उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित काम पुढे गेलं असेल, कदाचित येणारही नाही. पण तक्त्यातला तो शब्द माझ्या हातचा होता, तो खोडायचा प्रयत्न तरी मलाच करायला हवा होता.

बाकी, येत्या रविवारी मेसमध्ये भेटूच. तुकडी चालेल ना?

– बी.ई. सिव्हिल, हॉस्टेल क्र. २